डिस्कचा पूल नव्या सर्व्हरवर नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सर्व्हर जुना झाला की बदलावाच लागतो. त्यातल्या डिस्क मात्र अनेकदा ठणठणीत असतात, आणि त्यांवरच्या फायलींचं मोल सर्व्हरपेक्षा कितीतरी जास्त असतं. सीए ऑफिसातली टॅलीची जुनी वर्षं, आर्किटेक्टची ड्रॉइंग, स्टुडिओतले लग्नाचे मूळ फोटो हे सगळं त्यांवर असतं. चार-पाच डिस्क जोडून कॉम्प्युटरवर एकच मोठी डिस्क दिसते, त्या व्यवस्थेला पूल म्हणतात. तो जसाच्या तसा नव्या मशीनवर नेता येतो. फक्त आमची एक कळकळीची विनंती आहे. तुमचा पूल कोणत्या प्रकारचा आहे हे नक्की होईपर्यंत जुन्या सर्व्हरमधली एकही डिस्क काढू नका.

यामागचं कारण असं. कोणती डिस्क पूलमध्ये आहे आणि कोणत्या डिस्कवर काय आहे, याची नोंद कुठेतरी ठेवलेली असते. ती कुठे आहे आणि ती कोणाला वाचता येते, यावर पुढची सगळी पद्धत ठरते.

विंडोजवर ड्राइव्हपूल हे सॉफ्टवेअर असेल तर काम सर्वांत सोपं. यात प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या डिस्कवर अखंड असते, विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस रचनेत, एका लपवलेल्या फोल्डरात. त्यामुळे एकच डिस्क दुसऱ्या कुठल्याही विंडोज पीसीला लावली तरी तिच्यावरच्या फायली उघडतात. नव्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकून डिस्क जोडल्या की पूल आपोआप दिसू लागतो. जुनं मशीन बंद करण्यापूर्वी तिथलं लायसन्स मोकळं करून घ्यायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

स्टोरेज स्पेसेस या विंडोजच्याच पूल करण्याच्या सोयीत फायलींचे तुकडे होऊन ते अनेक डिस्कवर पसरतात. एकटी डिस्क लावून काहीच वाचता येत नाही, सगळ्या डिस्क एकत्रच न्याव्या लागतात. नव्या सर्व्हरवर हा पूल कधीकधी फक्त वाचण्यापुरता उघडतो, किंवा ड्राइव्ह दिसतच नाही. अशा वेळी ग्राहकाचा जीव खालीवर होतो, पण डेटा गेलेला नसतो. लिहिण्याची परवानगी हातानं द्यावी लागते आणि ड्राइव्ह हातानं जोडावा लागतो. एक अडचण मात्र खरी आहे. नव्या विंडोजवर पूलची आवृत्ती एकदा वाढवली, की तो जुन्या विंडोजवर परत नेता येत नाही.

झेडएफएस (मुख्यतः लिनक्ससारख्या सिस्टिमवर पूल करणारी व्यवस्था) वापरणाऱ्यांनाही सगळ्या डिस्क एकत्रच न्याव्या लागतात. जुन्या मशीनवर पूल ‘एक्सपोर्ट’ करायचा आणि नव्यावर ‘इम्पोर्ट’ करायचा, ही रीत. एक्सपोर्ट राहून गेलं तर नवं मशीन सांगतं की हा पूल दुसऱ्याच सिस्टिमनं वापरलेला आहे. तेव्हा जबरदस्तीनं इम्पोर्ट करता येतो, पण जुन्या सर्व्हरला आता त्या डिस्क जोडलेल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच. पूल ‘अपग्रेड’ करण्याची सूचना दिसेल, तिची घाई नको. नवा सर्व्हर नीट चालतोय हे काही आठवडे पाहून मगच करा, कारण नंतर मागे फिरण्याचा रस्ता बंद होऊ शकतो.

सर्वांत जपावं लागतं ते रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क एकत्र जोडणारं वेगळं कार्ड, असलेल्या सर्व्हरना. तिथली नोंद बहुधा त्याच घराण्यातल्या कार्डालाच कळते. तसं कार्ड मिळालं तर ते डिस्क ओळखून ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचं सांगतं आणि ते आत घ्यायचं की पुसायचं असं विचारतं. तिथे चुकीचा पर्याय निवडला तर मोठी पंचाईत होते. मदरबोर्डवरच्या रेडलाही हाच धोका आहे. म्हणून अशा ठिकाणी आम्ही डिस्क हलवत नाही. जुना सर्व्हर चालू ठेवून नव्यावर डेटा कॉपी करतो. वेळ जास्त लागतो, पण मूळ प्रत जागची हलत नाही.

प्रकार कोणताही असो, नव्या मशीननं डिस्क ‘इनिशिअलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करायची का असं विचारलं तर ‘कॅन्सल’ दाबा आणि आम्हाला फोन करा. ऑफिसातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

हलवण्याआधी डेटाची वेगळी प्रत हवीच. पूलमध्ये प्रत्येक फाइल दोन डिस्कवर असली तरी तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते, आणि रॅन्समवेअरही दोन्ही प्रती लॉक करतं. ही वेगळी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या ऑफिसात सर्व्हर आणि बॅकअप एकाच टेबलाखाली असतील, तर तशा दिवशी दोन्ही एकदमच पाण्यात जातील. कॉपीच्या वेळेचा अंदाज असा: साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे ४ टीबीला दहा तास. बारीक फायली लाखोंनी असतील तर आणखी जास्त. म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी सुरुवात करतो.

त्याच वेळी प्रत्येक डिस्कची स्मार्ट (SMART) नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासतो. वाचता न आलेले सेक्टर वाढत असतील तर ती डिस्क आधी बदलायची, मगच पूल हलवायचा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की छापून हाताशी ठेवा. डेटाच्या डिस्क आपोआप उघडण्याची सोय जुन्या विंडोजपाशी असते, ती डिस्कबरोबर येत नाही.

जुन्या एसएमपीएसच्या (सर्व्हरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) सुट्या होणाऱ्या वायरी नव्या एसएमपीएसला कधीही लावू नका, जोड बसला तरी. आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या व्होल्टेजनं सगळ्या डिस्क एकदम जळू शकतात. आमच्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

डिस्क काढताना प्रत्येकीवर क्रमांक घालून सिरियल नंबरचा फोटो घ्या. दुसऱ्या ऑफिसात न्यायच्या असतील तर अँटिस्टॅटिक पिशवी आणि फोममध्ये घालून गाडीनं न्या, गर्दीच्या लोकलनं नको. पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर काढलेल्या थंड डिस्कवर दमट हवेतलं पाणी धरतं. पिशवी बंदच ठेवून डिस्क खोलीच्या तापमानाला येऊ द्या, त्याला काही तास लागतात. मगच वीज जोडा.

पूल दिसला म्हणजे काम संपलं नाही. शेअर केलेल्या फोल्डरांची नावं आणि कोणाला काय उघडता येतं याची यादी जुन्या विंडोजमध्ये राहते, ती नव्यानं करावी लागते. नव्या मशीनवर त्याच नावाचा युझर केला तरी विंडोजच्या लेखी तो वेगळा माणूस असतो. म्हणून फायली असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. मालकी आणि परवानग्या पुन्हा दिल्या की उघडतात. ड्राइव्हचं अक्षर आणि सर्व्हरचं नाव आम्ही शक्यतो तेच ठेवतो, म्हणजे टॅलीचा डेटा पाथ आणि सगळ्यांच्या पीसीवरचे मॅप केलेले ड्राइव्ह पूर्वीसारखे चालतात.

जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. निदान महिनाभर त्याची सिस्टिम डिस्क तशीच राहू द्या. एखादं विसरलेलं शेअर किंवा लायसन्स तिथूनच मिळतं.

काम ठरवण्यासाठी फोन करताना तीन गोष्टी जवळ ठेवा: डिस्कची संख्या, एकूण भरलेली जागा, आणि पूल दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो. सीए आणि अकाउंट्सच्या ऑफिसांनी २० तारखेच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा जीएसटीची रिटर्न असतात. आयकर रिटर्नमुळे जुलैचा शेवटचा आठवडाही नको.