पाखाडीवरील शेवाळ काढणे

कोकणात डोंगरउतारावरील घरे, विहिरी, देवळे आणि समुद्रकाठ यांना जोडणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, म्हणजेच पाखाडीवर, पावसाळ्यात धरणारे शेवाळ काढून ती चालण्याजोगी ठेवण्याचे काम. थंड प्रदेशांत पायऱ्यांवरील बर्फ हटवण्याइतकेच ते निकडीचे असते. मात्र तिकडे बर्फावर टाकतात ते मीठ येथे वापरू नये, कारण सच्छिद्र दगडात मुरलेल्या मिठाचे वाळताना स्फटिक होतात आणि दगड झिजतो.

पाखाडी बहुधा जांभ्याच्या, म्हणजे कोकणातील तांबूस, सच्छिद्र दगडाच्या, चिऱ्यांची असते. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो व हवा लागून कठीण होतो, परंतु त्याची छिद्रे पाणी धरून ठेवतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडत असल्याने आंबा-फणसाच्या सावलीतली पायरी कित्येक दिवस वाळतच नाही. तीवर आधी शैवलांचा पातळ, बुळबुळीत थर येतो आणि मागाहून मखमली शेवाळ रुजते. पाय घसरतो तो बहुतेकदा पहिल्या थरावरून; म्हणूनच हिरव्यागार पायरीपेक्षा काळपट, चकाकणाऱ्या पायरीवर जाणती माणसे पाऊल जपून टाकतात.

माडाच्या हिरांच्या खराट्याने, पायरी ओली असतानाच, वरून खाली घासत येणे ही सर्वांत निर्धोक रीत होय. लोखंडी फावड्याने खरवडल्यास काम लवकर उरकते, पण कठीण झालेला पापुद्रा निघून आतला मऊ जांभा उघडा पडतो. ब्लीचिंग पावडर पावसाच्या उघडिपीत टाकून, थोड्या वेळाने घासून धुतात. विहिरीच्या पाखाडीवर ती टाळावी, आणि तिच्यात आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गणेशचतुर्थीपूर्वी हे काम वाडीतील मंडळी मिळून करतात. मूर्ती हातांत धरून उतरणाऱ्याला पायाखालची पायरी दिसत नाही, त्यामुळे विसर्जनाच्या वाटेवर अर्धवट घासलेली एक पायरीही धोक्याची ठरते. नुसते घासून मात्र भागत नाही: वरच्या अंगाचे पाणी कडेच्या चरात वळवले नाही आणि गडग्यावरून, म्हणजे कडेच्या दगडी कुंपणावरून, वाकलेल्या फांद्या छाटल्या नाहीत, तर शेवाळ लवकरच परतते. तेवढी सवड नसेल तेथे माडाच्या झावळ्या आडव्या अंथरतात. त्या कुजून स्वतःच निसरड्या होण्याआधी बदलाव्या लागतात.