माळवदाची माती आणि किल्लारीनंतरची भीती

शेतात मातीचं छोटं घर बांधायचं म्हटलं की आता बहुतेकांपुढे वाळवंटातली चित्रं येतात. घुमट, जाड भिंती, लहान खिडक्या. त्यांतलं बरंच घेण्यासारखं आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ वास्तुविशारद हसन फथी यांनी 1940च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांत उभं केलं. लाकडाची टंचाई होती, म्हणून दक्षिणेकडच्या न्युबियातल्या गवंड्यांच्या पद्धतीने, लाकडी साच्याविना कमानी छतं घातली. पण लक्सरला पाऊस जवळजवळ पडतच नाही. मराठवाड्याच्या पाचवीला दुष्काळ पुजलेला असला तरी इथे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या पुढे-मागे पाऊस होतो, आणि येतो तेव्हा झोडपून काढतो. उघड्या मातीचा घुमट इथे फार पावसाळे काढणार नाही.

आपल्या बापजाद्यांनी याच उन्हाला आणि याच पावसाला धरून जे घडवलं ते माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. सागाचे नाहीतर बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, मग पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला थर. घर केवढं, हे खणांवर, म्हणजे खांब-तुळयांमधल्या गाळ्यांवर सांगत. भिंती दगडाच्या किंवा भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, दोन फूट आणि त्याहूनही जाड. त्यांतच देवळ्या, कोनाडे, धान्याचं बळद. एवढ्या जाडीतून दुपारचं ऊन आत उतरेपर्यंत संध्याकाळ उलटून गेलेली असते, आणि तोवर माणसं गार हवेला माळवदावर अंथरूण टाकून झोपलेली असत. पंख्याआधीच्या काळात वैशाख असाच निभावला गेला.

माती कुठलीही चालत नसे. शेतातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून माती आणायची ती पांढरीतली, जुन्या वस्तीच्या टेकाडातली. ती घट्ट बसते, पाणी सहसा झिरपू देत नाही. या सवयीची किंमतही मोठी आहे. जुन्या वस्त्यांची कितीतरी टेकाडं अशीच पोखरली गेली. तेरसारख्या सातवाहनकालीन गावात तर त्या मातीतच इतिहास पुरलेला आहे. आज बांधणाऱ्याने ती माती आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच जागेवरच्या मुरमाड मातीत थोडा चुना किंवा सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा पाडता येतात.

मातीत तंतू मिसळण्याची विद्याही इथे जुनी आहे. अजिंठ्याची चित्रं ज्या गिलाव्यावर आहेत तो मातीचाच, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू घालून केलेला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तिथला गिलावा कीड न लागता टिकला याचं श्रेय संशोधकांनी त्यालाच दिलं.

मग एवढं सगळं असताना लोकांनी माती का सोडली? लाकूड महागलं, पत्रा आणि स्लॅब आले, सरकारी मोजणीत मातीचं घर ‘कच्चं’ ठरलं. ही कारणं आहेतच. पण लातूर-धाराशिवकडे खरं कारण एका पहाटेचं आहे. 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला थोडी मिनिटं बाकी. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता 6.2च्या आसपास होती. एवढ्या धक्क्याच्या मानाने मृत्यू फार झाले, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मातीने माणसं मारली, ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली. ती अर्धवट आहे. ढासळल्या त्या मुख्यतः दगडी भिंती. आत एक थर, बाहेर एक थर, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसताच थर सुटे झाले. वरचं ओझंही भयंकर होतं. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत गेला. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला साधारण एक टन. जिथे छताचा भार खांबांच्या चौकटीवर होता, तिथे भिंती पडूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण खणाची जुनी चौकट कामाची होती.

पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली, सिमेंटच्या घरांची आणि रुंद रस्त्यांची. 2002 मध्ये नकाशा बदलून किल्लारीचा परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आला. मातीच्या घरांना भूकंपात टिकवण्यासाठी भारतीय मानक 13827 हे 1993 सालचंच. कच्छमधली मातीची गोल घरं, म्हणजे भुंगे, 2001च्या भूकंपात बऱ्याच ठिकाणी तग धरून राहिली, तेव्हा मातीवरचा विश्वास थोडा परतला.

आता माळवदाचं छोटं घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा, जोतं उंच घ्यावं, जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवावा. दगड वापरले तर आरपार बांधदगड हवेतच. चौकटीच्या कोपऱ्यांना तिरपे आधार द्यावेत. मातीचा थर पातळ ठेवून त्याखाली पाणी अडवणारा कागद अंथरावा आणि गळती दिसली तर आधी जुनी माती खरवडावी, मगच नवी टाकावी.