कदंब : राजघराण्याचे नाव आणि त्याचा आजचा वावर

दक्षिण भारतातील एका प्राचीन राजघराण्याचे नाव. गोव्यात ते आज राजांपेक्षा बसमुळे लोकांच्या तोंडी आहे. कारवारच्या नौदल तळाला हेच नाव दिले आहे आणि मराठी मुलखातल्या कदम आडनावाचे मूळही याच घराण्यात सांगितले जाते.

घराण्याने हे नाव घेतले झाडावरून. पावसाळ्यात पिवळ्या चेंडूंसारखी फुले धरणाऱ्या कदंबाचे एक झाड या कुळाच्या घराजवळ होते, त्याची निगा राखता राखता कुळालाच ते नाव पडले, असे कर्नाटकातील तालगुंद येथील स्तंभलेख सांगतो. कुब्ज नावाच्या कवीने रचलेल्या या संस्कृत लेखात मूळ पुरुष मयूरशर्म्याची हकिकतही आहे. आजोबा वीरशर्म्याबरोबर तो शिकायला कांचीला गेला. तिथे राज्य करणाऱ्या पल्लवांच्या एका घोडेस्वाराशी त्याचे भांडण झाले आणि दर्भ-समिधा धरणाऱ्या हाताने त्याने तलवार उपसली. चौथ्या शतकाच्या मध्याला त्याने वनवासीला, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आजच्या बनवासीला, राज्य उभे केले.

गोव्याची कदंब शाखा पुढची, साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातली. तिची राजधानी आधी चांदोरला होती. जयकेशी पहिला याच्या काळात, अकराव्या शतकाच्या मध्याला, ती जुवारीकाठच्या गोपकपट्टण बंदरात आली. या राजांचे राजचिन्ह सिंह. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर तोच सिंह आहे आणि सोबत कुलदैवत सप्तकोटेश्वराचे नाव. याच देवाचे नार्वे येथील देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतले. तांबडी सुर्ल्याच्या रानातले काळ्या दगडाचे महादेव मंदिर कदंबकाळातले आहे. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात गोव्यातली किती देवळे पाडली गेली हे ध्यानात घेतले, तर ते उभे राहिले याचे मोल कळते.

त्यानंतर हे नाव रोजच्या बोलण्यात आले ते १९८० मध्ये, कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले तेव्हा. गोवा अजून घटक राज्यही नव्हता. पोर्तुगीज येण्याआधीचे, या भूमीतल्या राजवटीचे नाव सरकारी बसला मिळाले आणि राजांचा सिंह बसचे बोधचिन्ह झाला. पुतळ्याला किंवा सभागृहाला नाव दिले असते, तर ते पाटीवरच राहिले असते. बसमुळे ते जिभेवर रुळले. पणजीच्या स्थानकावर मडगाव किंवा वास्कोच्या विनाथांबा गाडीसाठी लोक खिडकीवर तिकीट काढून रांगेत उभे राहतात आणि ‘कदंबा आली का?’ असे विचारतात. तो शेवटचा ‘आ’ लोकांच्या तोंडचा. विचारणाऱ्याच्या मनात तेव्हा कोणी जयकेशी नसतो, हे खरे. पण सिंह समोर येऊन थांबतो, आणि एखादे मूल ‘हा सिंह कुणाचा?’ म्हणून विचारते, तेव्हा त्याला खरे उत्तर मिळायला हवे. ते शाळेतही मिळावे आणि घरीही.

गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळ, भारतीय नौदलाचा ‘आयएनएस कदंब’ हा तळ ३१ मे २००५ रोजी कार्यान्वित झाला. सीबर्ड प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या या तळाला हे नाव शोभते, कारण गोव्याचे कदंब समुद्राशी जोडलेले राजे होते. त्यांच्या लेखांत सोमनाथाच्या जलयात्रेचा उल्लेख येतो. बनवासीला कर्नाटक सरकार कदंबोत्सव भरवते.

कदम आडनावाबाबत मात्र जपून बोलावे लागते. कदंबचे कदम होणे मराठी उच्चाराला सहज आहे आणि अनेक कदम घराण्यांत ही परंपरा अभिमानाने सांगितली जाते. ती परंपरा म्हणून जपावी. पण नुसत्या नामसाम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही, त्यासाठी कागद किंवा लेखच लागतो. गावांच्या नावांचेही तसेच. मराठीत कदंबाला कळंबही म्हणतात, त्यामुळे धाराशिव किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचे नाव ऐकून थेट राजघराणे गाठण्याआधी त्या झाडाचा विचार करावा.