हापूसच्या मानांकनामागचं जीवशास्त्र

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचं नाव राखून ठेवणारी कायद्याची नोंद मिळाली, तीही पाच जिल्ह्यांना मिळून: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर. देवगड आणि रत्नागिरीला आपापल्या नावाने वेगळी नोंद हवी होती, त्यामुळे त्या निर्णयावरून कोकणात सुरू झालेली धुसफूस अजून निवलेली नाही. वाशीच्या बाजारात देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला की ती पुन्हा वर येते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘डीएनए तपासा, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल.’ तसं होणार नाही. पेटीत तोतापुरी किंवा केसर भरला असता तर चाचणीने तो पकडला असता. पण धारवाडच्या बागेतला हापूस आणि देवगडच्या कातळावरचा हापूस यांचा डीएनए व्यवहारात एकच आहे. मग फरक येतो कुठून, आणि कायद्याने रेघ ओढली ती कशाच्या आधारावर, हे कळायला कलमापासून सुरुवात करावी लागते.

पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधली, त्यांच्या अफोन्सो नावाच्या एका सेनानीचं नाव फळाला चिकटलं आणि काड्या किनाऱ्याने वर सरकल्या, ही हकिगत सगळ्यांना पाठ आहे. इथे तिच्यातला एकच मुद्दा कामाचा आहे. हापूसचा बाठा पेरला तर हापूस येत नाही, रायवळ येतो. आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात आणि हापूसच्या बाबतीत जोडीतल्या दोन प्रती अनेक ठिकाणी एकमेकींपासून वेगळ्या आहेत. बी धरताना त्यांतली एकेकच पुढे जाते, उरलेली अर्धी बाजू माश्यांनी कुठल्या झाडावरून आणली याचा पत्ता नसतो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या किनाऱ्यावर काही जाती अशा आहेत की त्यांच्या एका बाठ्यातून तीन-चार रोपं फुटतात आणि त्यांतली बहुतेक आईची हुबेहूब प्रत असतात. हापूसला ती सोय नाही. त्याची नक्कल माणसानेच करायची.

आधी ती भेट कलमाने व्हायची, म्हणजे कुंडीतलं रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत उचलून न्यायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची. काम चोख, पण सावकाश. कोय कलम, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या रोपावर काडी बांधण्याची पद्धत रुळल्यावर एका मांडवाखाली एका पावसाळ्यात हजारो कलमं बांधता येऊ लागली. त्यानंतर १९९० च्या सुमारास राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली आणि ओसाड कातळावर सुरुंग लावून खड्डे घेतले गेले. आज बस रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना दिसतात त्या बागांपैकी पुष्कळशा त्या योजनेनंतरच्या आहेत. पेशीच्या भाषेत बोलायचं तर चारशे वर्षांत झालं नव्हतं एवढं प्रत काढण्याचं काम त्या एका दशकात झालं असावं.

प्रत किती खरी उतरते? डीएनएचा जिना आणि त्याची अक्षरं शाळेतच शिकवतात, ती पुन्हा सांगत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत जड नायट्रोजन वापरून सिद्ध झालं की नक्कल होताना प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. जुना धागा समोर असल्यामुळेच चूक पकडता येते. दुरुस्त्या करून झाल्यावर शंभर कोटी अक्षरांत एखादी चूक शिल्लक राहते. हापूसचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो एकेरी मोजला, म्हणजे जोडीतली एकच प्रत धरली, तर ३९ कोटी अक्षरांच्या आसपास भरतो. म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी होताना चूक झालीच तर एखादी. शिवाय झाडाच्या शेंड्यातल्या मूळ पेशी फार वेळा विभागतच नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथल्या २३४ वर्षांच्या एका ओकच्या दोन दूरच्या फांद्या अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या, तर १७ फरक पक्के सापडले. दोन शतकांहून जास्त उन्हापावसानंतर सतरा! जातिवंत झाड बघून काडी घेणाऱ्या आपल्या बागायतदाराचा विश्वास अनाठायी नव्हता. देवगड, रत्नागिरी, धारवाड, वलसाड या सगळ्या बागांत एकच झाड पसरलेलं आहे असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आता साठवलेली माहिती आणि प्रत्यक्ष फळ यांतलं अंतर. १९०९ मध्ये एका डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्याच्या शुद्ध वाणांवरच्या प्रयोगांतून या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एकाच वाणाच्या बिया वजनाला कमीजास्त भरत होत्या, पण जड बी पेरून पुढची पिढी जड होत नव्हती. हा फरक झाला कसा हे कळायला पन्नास वर्षं गेली. १९६१ मध्ये पॅरिसमधल्या दोन संशोधकांच्या जोडीने जिवाणूंच्या साखरेवरच्या प्रयोगांतून जनुकं चालू-बंद होण्याची पहिली यंत्रणा मांडली. हापूसच्या पानात, सालीत, गरात सगळीकडे तीच सुमारे ३५ हजार जनुकं आहेत. त्यांतली कुठली, केव्हा आणि किती जोराने वाचली जातात यावर पान होणार की गर, हे ठरतं.

आणि कुठे, यावरही. हापूसच्या वासातला गोड, कॅरॅमलसारखा भाग ज्या द्रव्याने येतो ते स्ट्रॉबेरीतही असतं, आणि ते घडवणाऱ्या विकराचं जनुक पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हापूसमधून वेगळं करण्यात आलं. याच कामात वेगवेगळ्या भागांतल्या हापूसच्या वासाची द्रव्यंही मोजली गेली आणि जात एकच असून प्रमाणं बदलतात असं दिसलं. कारणांची यादी सगळ्यांना ठाऊक आहे: जांभा, त्यातून झटकन निचरा होणारं पाणी, दिवाळीनंतर कोरडी पडलेली जमीन, खारा वारा, डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री. त्यातली गार रात्र सर्वांत नीट समजली आहे. फुलोऱ्याचा निरोप पानात तयार होणारं एक प्रथिन शेंड्यापर्यंत नेतं, हे २००७ मध्ये इतर वनस्पतींत दाखवलं गेलं. आंब्यातही तशीच जनुकं सापडली आहेत आणि थंडी पडली की पानांत त्यांचं वाचन वाढतं. थंडी उशिरा पडली की मोहोरही उशिरा येतो तो यामुळे. कल्टार घातल्यावर मोहोर येतो तो मात्र दुसऱ्या वाटेने. ते औषध जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक रोखतं, पालवी थांबते आणि शेंडा फुलाकडे वळतो. औषधाने डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही, झाडाला मात्र दरवर्षी धरायला लावता येतं. (ते किती वर्षं लावावं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

नक्कल हुबेहूब असूनही बिघडू शकते, हे मलेशियातल्या तेलताडाने चांगलंच शिकवलं. उत्तम झाडांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवून लावली, आणि काही वर्षांनी त्यांतल्या कित्येकांना वेडीवाकडी, तेल नसलेली फळं लागली. अक्षरं जागच्या जागी होती. अक्षरांवर रसायनाच्या ज्या खुणा असतात, त्यांतल्या एका जागच्या खुणा काचेच्या बाटलीत पुसल्या गेल्या होत्या. हे कोडं सुटायला २०१५ साल उजाडलं. कलमाने वाढणाऱ्या आंब्यात अशा खुणा किती फिरतात याचा अभ्यास तुलनेने कोवळा आहे, पण ‘डीएनए एक म्हणजे झाड एक’ हे वाक्य तेव्हापासून कुणी तावातावाने म्हणत नाही.

साक्याची, म्हणजे फळ आतून बिघडण्याची, गोष्टही वाचनाचीच. बाहेरून निर्दोष दिसणारं फळ कापावं आणि आत पांढरट, बेचव, स्पंजासारखा गर निघावा, यात कोकणाचं किती नुकसान झालं असेल कोण जाणे. ऐंशीच्या दशकात दोष तापलेल्या जमिनीकडून येणाऱ्या धगीवर टाकला जात होता आणि झाडाखाली गवत अंथरायचा सल्ला होता. पुढे बंगळुरूच्या संशोधकांनी बाठ्याकडे बोट दाखवलं. आंब्याच्या बीला सुप्तावस्था जवळपास नसतेच. फळ झाडावर असतानाच बाठा रुजायच्या तयारीला लागला तर तो आजूबाजूच्या गरातून पाणी आणि अन्न ओढतो. म्हणजे रुजण्याची जनुकं वेळेआधी जागी होतात. धग आणि बाठा या दोन कारणांत मला भांडण दिसत नाही, पहिलं दुसऱ्याला हाक देत असेल.

वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने यावर संकराचा उपाय काढला. नीलमला साका होत नाही, म्हणून नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणला. त्याला साका नाही, फळ मोठं, धरही बऱ्यापैकी नियमित. १९९२ मध्ये रत्ना आणि पुन्हा हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ आला, त्याचा बाठा इतका पातळ की बी जवळजवळ नाहीच. विज्ञानाच्या मापाने ही दोन्ही कामं अव्वल आहेत. बाजाराने त्यांना हापूसच्या शेजारी बसवलं नाही. रत्नामध्ये निम्मी जनुकं हापूसची आणि सिंधूत सुमारे पाऊण. तरी पेटीवर हापूस लिहिता येत नाही आणि लिहूही नये.

आता तो २०१८ चा निर्णय. मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. त्याला जनुकाशी देणंघेणं नाही. मालाचा गुण मुख्यतः त्या जागेमुळे आलेला असावा आणि त्यात तिथल्या माणसांचं कसबही धरलं जावं, एवढंच तो विचारतो. शास्त्र आणि कायदा यांचा इथे अपघाताने मेळ बसतो. हापूसच्या बाबतीत जागेमुळे बदलतं ते जनुकांचं वाचन, आणि कायदा नेमकं त्यालाच संरक्षण देतो. गडबड होते ती जागा किती मोठी धरायची यात.

पहिला अर्ज २००८ चा. पुढे देवगड आणि रत्नागिरीच्या बागायतदारांनी आपापल्या नावासाठी वेगळे अर्ज दिले. दहा वर्षं काथ्याकूट झाल्यावर सगळ्यांना एकत्र बांधून एकच नोंद झाली आणि तीही नुसत्या ‘अल्फान्सो’ या नावाने. भौगोलिक मानांकनाच्या नावात भूगोलच नाही! एकत्र नोंदीच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. जात एक, हवामानाचा पट्टा सलग, पाच तुकडे केले असते तर परराज्यातल्या मालाशी लढताना कोकण आपसांत भांडत बसलं असतं. हे व्यवहाराचं कारण आहे आणि व्यवहार म्हणून ते पटतं. पण रेघा जीवशास्त्राने ओढल्या असत्या तर त्या जिल्ह्यांच्या हद्दींवर पडल्या नसत्या. पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे पहिल्या अर्जाच्या वेळी मोजायला पाच जिल्हे नव्हतेच. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून निघाला. त्याआधी देवगडचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला तर कागदोपत्री त्यात काही वावगं नव्हतं. आज याच दोन नावांवरून जी चुरस चालते तिला अर्धं शतकही झालेलं नाही.

उलट एकाच तालुक्यात खाडीकाठची बाग आणि सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बाग यांच्या फळांत जाणत्याला फरक कळतो. तो फरक मोजून, दोनचार हंगामांचे आकडे मांडून मग हद्द ठरवली असती तर देवगडकरांचा दावा टिकला असता की पडला असता हे तरी कळलं असतं. माझा कल टिकला असता याकडे आहे.

एकत्र नोंदीने बाहेरची स्पर्धा थांबली असंही नाही. कोकणातून नेलेल्या काड्यांवर आफ्रिकेत मलावीमध्ये बागा उभ्या राहिल्या आणि आपल्याकडे मोहोर धरायच्या वेळेला, नोव्हेंबर-डिसेंबरात, तो हापूस वाशीत उतरतो. जुन्नर भागातून ‘शिवनेरी हापूस’ आणि गुजरातमधून ‘वलसाड हापूस’ अशा नावांनी मानांकन मागितलं गेलं, त्यावर कोकणातून हरकती गेल्या. देवगडात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत सुरू झाली. बाजाराला ते स्टिकर कळतं. पण फळ खरोखर कुठून आलं हे ते सांगत नाही, कुणाच्या हातून आलं हे सांगतं.

फळाकडूनच जागा वदवून घ्यायची तर अक्षरं सोडून अणूंकडे जावं लागेल. युरोपात १९९१ पासून वाइनच्या बाबतीत हे चालतं: तिच्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचे जड-हलके प्रकार कोणत्या प्रमाणात आहेत ते मोजायचं आणि दरवर्षी अस्सल द्राक्षबागांतून जमवलेल्या नमुन्यांच्या नोंदीशी ताडायचं. खडकातल्या स्ट्रॉन्शियम या धातूच्या जड-हलक्या प्रकारांचं प्रमाणही असंच झाडात उतरतं, आणि ते खडकाच्या वयाप्रमाणे बदलतं. धारवाडचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आणि रत्नागिरीचा जांभा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर तयार झालेला, त्यामुळे ही दोन फळं वेगळी पडण्याची आशा धरायला हरकत नाही. मलावीचंही तेच. वलसाड मात्र त्याच लाव्हावर बसलेलं आहे, आणि देवगड व रत्नागिरी यांच्यात तर खडकही एक, पाऊसही जवळपास तेवढाच. तिथे ही चाचणीसुद्धा हात टेकण्याची शक्यता जास्त.