कंपवात आणि बुद्धी : आधी नाकारलेला, मग अटळ ठरवलेला धोका

कंपवातात हातपाय थरथरतात, चाल मंदावते, पण बुद्धी शाबूत राहते, ही समजूत फार जुनी आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला आणि त्यात इंद्रियांना व बुद्धीला धक्का लागत नाही असे स्पष्ट म्हटले. त्यांच्यासमोर रुग्ण होते अवघे सहा. त्यांतले काही रस्त्यात भेटलेले, एक तर नुसता लांबून पाहिलेला. तरीही हे विधान जवळपास दीडशे वर्षे टिकले.

विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. पॅरिसमधले मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को यांनीच पुढे या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. आजार वाढला की मन झाकोळते आणि स्मरणशक्ती जाते, हेही त्यांनीच नोंदवले होते. फ्रिडरिश लेवी यांनी १९१२ मध्ये मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या गोळ्यांचे वर्णन केले, तेच आजचे 'लेवी बॉडी'. पण डोळ्यांना दिसणारा कंप आणि ताठरपणा यांपुढे या नोंदी मागे पडल्या.

चित्र पालटले ते लेव्होडोपामुळे. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी या औषधाचे मोठे डोस तोंडावाटे देऊन खिळलेल्या रुग्णांना हालते केले. माणसे पुन्हा चालू-बोलू लागली, जास्त वर्षे जगू लागली, आणि मग घरच्यांच्या लक्षात येऊ लागले की हिशेब चुकतोय, एकामागून एक कामे लावता येत नाहीत, नसलेली माणसे दिसताहेत. यात विसरण्यापेक्षा विचारांचा संथपणा आणि लक्ष टिकवण्यातली ओढाताण बहुधा आधी जाणवते.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. एकोणिसाव्या शतकापासून कंपवातावर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवणारी औषधे दिली जात होती, आधी वनस्पतींपासून काढलेली, नंतर ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी. १९८०च्या दशकात दिसले की बुद्धीची घसरण झालेल्या रुग्णांच्या मेंदूत हेच रसायन तयार करणाऱ्या पेशी झडलेल्या असतात. म्हणजे कंप कमी करणारी गोळी आधीच आटत चाललेला झरा आणखी अडवत होती. म्हणूनच वयस्कर रुग्णांना आता ही औषधे शक्यतो टाळली जातात. उलट हे रसायन टिकवून धरणाऱ्या रिव्हास्टिग्मिनचा उपयोग २००४च्या मोठ्या चाचणीत दिसला. फायदा बेताचाच. घसरण थांबवणारे औषध अजून नाही.

१९९७ मध्ये लेवी बॉडीत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साठते हे उघड झाले. हे गोळे मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, पोचले की बुद्धीवर परिणाम होतो, हे चित्रही हळूहळू स्पष्ट होत गेले. डिमेन्शिया म्हणजे रोजचे व्यवहार अडण्याइतकी बुद्धीची घसरण; लेवी बॉडी डिमेन्शियाही याच कुळातला. बुद्धीची लक्षणे हालचालींच्या लक्षणांआधी किंवा त्यानंतर वर्षभरात आली तर ते निदान, त्याहून उशिरा आली तर 'पार्किन्सन्समधला डिमेन्शिया'. ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे.

मग धोका किती? ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या अभ्यासाने २००८ मध्ये सांगितले की वीस वर्षांनंतर ८३ टक्के रुग्णांना डिमेन्शिया होता. हा आकडा इतका पसरला की अनेक कुटुंबांनी निदानाच्या दिवशीच आशा सोडली. पण तो वीस वर्षे हयात राहिलेल्यांपुरता होता. सुरुवातीच्या १३६ जणांपैकी १०० तोवर वारले होते. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या पाहणीत दहा वर्षांनी हे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. २०२४ मध्ये दोन गटांचा अभ्यास आला. आंतरराष्ट्रीय गटात दहा वर्षांनी साधारण ९ टक्के, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटात २७ टक्के.

आकड्यांत एवढी तफावत पडते, कारण मोजलेली माणसे वेगळी आहेत. आंतरराष्ट्रीय गटातले बरेच जण शिकलेले आणि नुकतेच निदान झालेले होते. निदानावेळचे वय, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, भास, उभे राहताच रक्तदाब उतरणे, जीबीए जनुकातला बदल, या साऱ्यांनी धोका वाढतो. त्यामुळे ८३ किंवा ९, यांतला एकही आकडा समोर बसलेल्या एका रुग्णाचा नसतो. त्याच्या धोक्याचा अंदाज त्याचे वय आणि ही लक्षणे पाहूनच बांधावा लागतो, आणि तोही दरवर्षी नव्याने.