बांधावरचा रस्ता: पो नदीच्या सपाटीत सायकल चालवण्यामागचा इतिहास

इटलीतल्या सायकलिंगचा विषय निघाला की आल्प्स आणि डोलोमाइटचे घाट आठवतात. त्याच देशाच्या उत्तरेला पो नदीचं खोरं मात्र इतकं सपाट आहे की दिवसभर सायकल हाणली तरी गिअर बदलायची वेळ क्वचितच येते. फेरारा प्रांतात नदीच्या उजव्या तीराला धरून ‘देस्त्रा पो’ हा सायकलमार्ग जातो. स्तेल्लाता गावापासून समुद्राजवळच्या गोरीनोपर्यंत सुमारे १२० किलोमीटर, आणि त्यातला बराचसा भाग नदीच्या बांधाच्या माथ्यावरून. मोटारी अगदी तुरळक. वाऱ्याला आडवायला डोंगर नाही, त्यामुळे इथला घाट म्हणजे समोरून येणारा वारा.

ही शांतता तिथं पहिल्यापासून असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ही जमीन माणसांनी पाण्यातून उपसून काढली आहे आणि इथले रस्ते शांत झाले ते त्याच माणसांची मुलंबाळं गाव सोडून गेल्यावर. सायकलवरून बांधाच्या दोन्ही बाजूंना पाहताना हे ठाऊक असावं, म्हणून हा मजकूर.

सुरुवात रोमनांपासून करावी लागते. इ.स.पू. १८७ मध्ये मार्कुस एमिलिउस लेपिदुस या कॉन्सुलनं, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं, रिमिनी ते पिआचेन्झा असा जवळजवळ सरळ रस्ता बांधला. त्याच्याच नावावरून रस्ता ‘व्हिया एमिलिया’ झाला आणि प्रदेश एमिलिया. रस्त्याच्या आजूबाजूची जमीन सैनिकांना आणि वसाहतकऱ्यांना वाटून देण्यासाठी मोजणीदारांनी तिचे सुमारे ७१० मीटर बाजूचे चौकोन पाडले. चेझेना, लुगो या भागांत ते चौकोन आजही जागेवर आहेत. शेताची हद्द, पाण्याचा चर आणि गावरस्ता एकाच रेघेत धावतात. सायकलस्वाराला तिथं एक गंमत जाणवते: रस्ता बराच वेळ नाकासमोर जातो, मग काही कारण नसताना काटकोनात वळतो. कारण आहे, फक्त ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

फेराराच्या पूर्वेला मात्र असे चौकोन दिसत नाहीत. तिथं दलदल होती. पो ही इटलीची सर्वांत लांब नदी, ६५२ किलोमीटर. डोंगरातून आणलेला गाळ ती सपाटीवर टाकते. बांध घालून तिला दोन भिंतींमध्ये कोंडलं की गाळ पात्रातच साचतो, पात्र उचललं जातं आणि बांध आणखी उंच करावा लागतो. शतकानुशतकं हेच चालल्यामुळे नदी वर आणि शेतं खाली, अशी उलटी रचना तयार झाली. नदी मोठी फुटली तर कधीकधी जुन्या पात्रात परत येत नाही. ११५२ च्या सुमारास फिकारोलोजवळ बांध फुटला, मुख्य प्रवाह उत्तरेला सरकला आणि फेरारा शहर हळूहळू मोठ्या नदीपासून तुटलं. १६०४ मध्ये व्हेनिसनं आपलं खाजण गाळानं भरू नये म्हणून पोर्तो व्हिरो इथं कालवा खणून नदीचं तोंडच दक्षिणेकडे वळवलं. आजचा त्रिभुज प्रदेश बऱ्याच अंशी त्या कालव्यानंतर साठलेल्या गाळाचा आहे.

दलदल सुकवण्याचा पहिला मोठा प्रयत्न सोळाव्या शतकात फेराराच्या एस्ते घराण्यानं, दुसऱ्या आल्फोन्सोच्या काळात केला. उतारानं पाणी काढून देण्यावर त्यांचा भर होता. पण सुकलेली जमीन आकसते, खाली बसते, आणि मग उतारच राहत नाही. पुष्कळशी जमीन पुन्हा पाण्याखाली गेली. कायमचा फरक पडला तो १८७२ नंतर, कोदिगोरो परिसरात वाफेचे पंप बसल्यावर. पंपानं पाणी उचलायचं, उंचावरच्या कालव्यात सोडायचं आणि समुद्राकडे न्यायचं. या भागातली बरीच शेतं आज समुद्रसपाटीच्या खाली आहेत. पंप बंद पडले तर मका आणि गव्हाच्या जागी पुन्हा तळी दिसतील.

ही माती उचलली कोणी? एकचाकी ढकलगाडी घेऊन कामावर येणाऱ्या मजुरांनी. त्यांना त्या गाडीवरूनच ‘स्कारिओलांती’ म्हणत. स्वतःची जमीन नाही, घर नाही, काम असेल त्या दिवसाचीच मजुरी. एमिलियातली सहकारी चळवळ याच शेतमजुरांतून उभी राहिली. १८८४ मध्ये रावेन्नाच्या मजुरांची सहकारी संस्था थेट रोमजवळच्या ओस्तियाची दलदल सुकवायला गेली होती. देस्त्रा पोच्या नकाशावर किल्ले आणि मठ ठळकपणे दाखवतात. या मजुरांची नावनिशाणी तिथं असणं मला तरी जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपण ज्या मातीवरून चाक फिरवतो ती त्यांनी वाहिलेली आहे.

सायकल इथं आधी हौशी श्रीमंतांची म्हणून आली. १८९४ मध्ये मिलानमध्ये ५७ सायकलस्वारांनी टूरिंग क्लब काढला. रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावणं, नकाशे छापणं ही कामं इटलीत आधी याच क्लबनं हाती घेतली. चार वर्षांनी, मे १८९८ मध्ये मिलानमध्ये भाकरीच्या भावावरून दंगे झाले तेव्हा जनरल बावा बेक्कारिसनं शहरात सायकल चालवायलाच बंदी घातली. चळवळीचा निरोप सायकलवरून किती लवकर पोचतो हे सरकारला कळलं होतं. मग किमती उतरल्या आणि सपाटीवरच्या मजुराला सायकल परवडू लागली. चढ नसल्यानं दूरच्या शेतावर, कारखान्यावर, बाजाराला जाणं सोपं झालं. सुईण, पाद्री, चाकूला धार लावणारा, सगळे सायकलवर आले.

याच मातीतून आल्फोन्सिना स्त्रादा आली. १८९१ मध्ये मोदेना आणि बोलोन्या यांच्यामधल्या कास्तेलफ्रांको एमिलियाजवळ, शेतमजुराच्या घरात तिचा जन्म झाला. १९२४ साली ती जिरो दि’तालियात, म्हणजे इटलीभर फिरणाऱ्या टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीत, पुरुषांबरोबर उतरली. असं करणारी ती आजवरची एकमेव स्त्री. ३,६१३ किलोमीटर, १२ टप्पे. वाटेत एका टप्प्यावर हँडल मोडलं, तिला वेळेत पोचता आलं नाही आणि ती अधिकृत क्रमवारीतून बाहेर गेली. तरी ती थांबली नाही. सुरुवात केलेल्या ९० जणांपैकी फक्त ३० जणांनी अधिकृतपणे शर्यत पुरी केली त्या वर्षी तीही मिलानपर्यंत सायकल मारत पोचली. मांतुआजवळचा लेआर्को गुएर्रा आधी गवंडीकाम करायचा. १९३१ मध्ये जिरोत आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी पहिल्यांदा दिली गेली, ती त्याच्या अंगावर चढली.

या सपाटीतल्या एका बांधाशी आपलंही नातं आहे, आणि ते महाराष्ट्रात पुरेसं सांगितलं जात नाही. लुगोजवळून सेनियो नावाची एक लहान नदी वाहते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या जागी तिचं पात्र जेमतेम साडेचार मीटर रुंद होतं, पण दोन्ही तीरांवरचे पूरबांध नऊ-दहा मीटर उंच आणि उभे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं हेच बांध पोखरून त्यात मोर्चे बांधले. ९ एप्रिल १९४५ च्या रात्री पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी त्यावर हल्ला चढवला. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. नदी ओलांडताना गोळीबारात आणि सुरुंगांत त्यांच्याबरोबरचे लोक पडले. जाधवांनी एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे पोचवलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग एकट्यानं मशिनगनचा एक मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातबॉम्ब घेऊन आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आल्फोन्सिने गावात सेनियोच्या लढाईचं संग्रहालय आहे, आणि व्हिया एमिलियावरच्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांचं स्मशानस्थळ. त्या भागात सायकल घेऊन जाणाऱ्या मराठी माणसानं तिथं थांबावंच.

युद्धानंतर सहाच वर्षांनी पो नदी पुन्हा फुटली. १४ नोव्हेंबर १९५१ ला ओक्क्योबेल्लोजवळ डावा बांध गेला आणि पोलेझिने प्रदेश बुडाला. सुमारे शंभर माणसं दगावली. त्यातली ८४ जण फ्रास्सिनेल्लेजवळ एकाच ट्रकमध्ये अडकलेली होती. पावणेदोन लाखांच्या वर लोकांना घर सोडावं लागलं, आणि त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत. तूरिन आणि मिलानच्या कारखान्यांना माणसं हवीच होती. १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीच्या शेतीचे नवे करार बंद झाले, ट्रॅक्टर आले, शेतातली विटांची मोठी घरं ओस पडत गेली. त्याच वर्षी मिलान ते नेपल्स ‘आउतोस्त्रादा देल सोले’ हा द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि लांबची वाहतूक जुन्या रस्त्यांवरून उचलली गेली. मागे उरले ते डांबराचे अरुंद पट्टे, ज्यांवर सकाळी एखादा ट्रॅक्टर दिसतो.

सायकलमार्ग त्यानंतर आले. नदीची देखभाल करणाऱ्यांसाठी बांधावर वाट होतीच, तिच्यावर पाट्या लागल्या. लष्करासाठी बांधलेला आणि युद्धात बॉम्बनं उखडलेला त्रेव्हीझो-ओस्तील्या लोहमार्ग रूळ काढून सायकलींना दिला गेला. मिलानच्या पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठानं व्हेनिसपासून तूरिनपर्यंत पोच्या काठानं सुमारे ७०० किलोमीटरचा ‘व्हेंतो’ मार्ग आखला, तो तुकड्यातुकड्यानं होत आहे.

जाणाऱ्यानं वसंत किंवा सप्टेंबर धरावा. उन्हाळ्यात डास आणि दमट उकाडा असतो, हिवाळ्यात धुकं इतकं की बांधाची कडा दिसत नाही. स्तेल्लाताहून निघालं की डावीकडे नदी आणि सरळ रांगांत लावलेले पॉप्लर, उजवीकडे खोल उतरलेली शेतं. थोडं पुढे गेल्यावर नदीपलीकडे ओक्क्योबेल्लोचा बांध दिसतो. १९५१ ला फुटला तो हाच. आता तो पुन्हा बांधलेला आहे आणि त्याच्या माथ्यावरूनही कोणीतरी सायकलवर जात असतं.