नंबर द्यायला नकार देण्याचा हक्क आला कुठून?

बिल करताना काउंटरवर मोबाईल नंबर मागतात. तो न देताही बिल मिळायला हवे. ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावले होते की, नंबरसाठी अडून बसणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण या नकारामागे कायद्याचे बळ उभे राहायला सहा दशके लागली.

1962 साली खरक सिंग खटला उत्तर प्रदेश पोलिसांच्या पाळतीवरून सर्वोच्च न्यायालयात गाजला. रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, मात्र खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही. ते घडले 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून. नऊही न्यायमूर्ती एकमताचे होते. सप्टेंबर 2018 मध्ये बँक खात्याला आणि मोबाईलच्या सिम कार्डाला आधार जोडण्याची सक्तीही गेली.

कायदा मात्र रेंगाळला. 2018 मध्ये सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा मसुदा, 2019 चे विधेयक, 2022 मध्ये त्याची माघार. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यांनुसार ग्राहकाचे हक्क 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील.

तेव्हा कंपनीला विचारता येईल: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कोणाला दिलीत? चूक दुरुस्त करून, नको ती पुसून घेता येईल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल. तक्रार आधी कंपनीकडेच करावी लागेल. तिला निवारणासाठी जास्तीत जास्त 90 दिवस आहेत. ही पायरी गाळून थेट या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे गेलात, तर दाद मिळणार नाही. म्हणून लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

सोसायटीच्या गेटवरची हाताने लिहिलेली वही या कायद्यात बसत नाही. तोच नंबर रखवालदाराने अ‍ॅपमध्ये भरला, की बसतो.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती छोटी नाही. माहिती फुटली तर कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होईल, पण तो सरकारजमा होणार. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43अ त्याच वेळी रद्द होईल. तोवर ते जिवंत आहे: 5 कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, महाराष्ट्रात मंत्रालयात, दाखल करता येतो.